रात्री दोन सिस्टर आणि अठ्ठावीस बेड: एका मेडिसिन वॉर्डचं प्रकरण

पार्श्वभूमी

हॉस्पिटल मध्यम आकाराचं, वॉर्ड जनरल मेडिसिनचा. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, किरकोळ तपशील बदललेत, पण निर्णय जसे घेतले गेले तसेच ठेवलेत कारण या प्रकरणात बघण्यासारखं तेच आहे. माझा संबंध आढावा टीमपुरता, म्हणजे घटना झाल्यावर कागद चाळणाऱ्या आणि लोकांशी बोलणाऱ्या मंडळींपैकी एक.

वॉर्डात २८ बेड. आठ-आठ बेडचे तीन कप्पे आणि चार साइड रूम. नर्सेसच्या मंजूर जागा १६, प्रत्यक्ष कामावर ९, त्यातही इन्चार्ज सिस्टर धरून. बाकीच्या सात कुठे गेल्या तर दोघी परदेशात, एक प्रसूती रजेवर (म्हणजे कागदावर आहे, वॉर्डात नाही), एक "तात्पुरती" आयसीयूला पाठवलेली ती तिकडचीच झाली, आणि तिघी सरळ सोडून गेल्या, त्यातली एक ऑफिसची नोकरी धरून बसली जिथे रात्रपाळी नाही. भरतीची फाईल होती, फिरत होती.

आता इथे एक हिशोब मांडून ठेवतो कारण वॉर्डाबाहेरच्या माणसाला तो पटकन लक्षात येत नाही. कुठलीही एक जागा चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस भरलेली ठेवायची तर तीन शिफ्ट धरून आठवड्याला २१ ड्यूट्या होतात. एक माणूस आठवड्याला सहा ड्यूट्या करतो, म्हणजे झाले साडेतीन लोक, त्यात रजा, आजारपण, ट्रेनिंग धरलं की सव्वाचार-साडेचार. म्हणजे रात्री "एक सिस्टर वाढवा" असं म्हणणं सोपं, पण ती एक सिस्टर तिन्ही शिफ्टला हवी असेल तर चार-साडेचार माणसं लागतात. उलट बाजूने बघितलं तर १६ जणींत दिवसाला साधारण अकरा ड्यूट्या निघतात, सकाळी चार, दुपारी चार, रात्री तीन, ठीक चाललेलं असतं. ९ जणींत निघतात जेमतेम सहा. दोन, दोन आणि दोन. सकाळी राउंडच्या वेळी तिसरी लागतेच, ती कोणाच्या तरी डबल ड्यूटीतून यायची.

जगभरची परिस्थिती वेगळी नाही हेही सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या नर्सिंग अहवालात जगात २ कोटी ७९ लाख नर्सेस आणि ५९ लाखांची कमतरता असं चित्र मांडलं होतं, आणि २०३० पर्यंत सगळे आरोग्य कर्मचारी मिळून साधारण १ कोटी १० लाख लोक कमी पडतील असा त्यांचा अंदाज आहे. २०२० च्या त्याच अहवालाप्रमाणे दर आठ नर्सेसमागे एक जण जन्मली किंवा शिकली एका देशात आणि काम करत होती दुसऱ्या देशात. म्हणजे आपल्याकडची गेली की ती दुसऱ्या कुणाची तरी कमतरता भरायला गेलेली असते, तिला परत आणणं हा काही एका वॉर्डाच्या हातातला विषय नाही. वॉर्डाच्या हातात काय होतं, हे प्रकरण त्याबद्दल आहे.

त्या रात्री काय झालं

सगळे २८ बेड भरलेले. ड्यूटीवर दोन सिस्टर, एक वॉर्ड बॉय, एक मावशी. निवासी डॉक्टर एकच, तोही तीन वॉर्ड मिळून.

पेशंट साठीच्या पुढचे गृहस्थ, न्यूमोनिया, आदल्या दिवशी ॲडमिट झालेले, तिसऱ्या म्हणजे सगळ्यात लांबच्या कप्प्यात. नर्सिंग स्टेशनवरून तो कप्पा दिसत नाही. रात्री १० ला नोंद झाली: नाडी १०४, वरचं बीपी ११८, ताप किरकोळ, ऑक्सिजन चालू आणि सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन, टक्क्यांत) ९५, शुद्धीवर, श्वासाचा दर १८. त्यानंतर रात्रीची औषधं. ९ चा डोस वाटून संपायला अकरा वाजून गेले, आणि यात कोणाचा आळस वगैरे नाही, चौदा पेशंटमागे एक सिस्टर असली आणि इंजेक्शन तयार करणं, कॅन्युला (शिरेतली नळी) चालू आहे का बघणं, ती बंद पडली असेल तर नवीन लावणं असं धरून सरासरी सहा मिनिटं लागली तरी दीड तास तिथेच जातो, मध्ये कोणाला उलटी झाली, कोणाची सलाईन संपली, ते वेगळं.

साडेबाराच्या सुमाराला दुसऱ्या कप्प्यातल्या एका पेशंटला सीटी स्कॅनला न्यायचं होतं, सोबत नर्स पाहिजे असा नियम, म्हणून एक सिस्टर खाली गेली. स्कॅनला रांग होती. ती परत आली दोनच्या नंतर. म्हणजे दीड-पावणेदोन तास २८ पेशंट आणि एक सिस्टर.

याच काळात न्यूमोनियाच्या पेशंटची मुलगी दोनदा स्टेशनवर आली. "सिस्टर, बाबांचा श्वास बघा ना जरा, जोरात चाललाय." पहिल्यांदा सिस्टर साइड रूममध्ये एका फिट आलेल्या पेशंटजवळ होती, स्टेशनवर कोणीच नव्हतं. दुसऱ्यांदा भेटली, येऊन बघून गेली, ऑक्सिजन थोडा वाढवला, डॉक्टरांना कळवते म्हणाली, फोन लावला, डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात सीपीआर करत होते. रात्री २ ची नोंद चार्टवर नाहीच. ४ वाजून ४० मिनिटांनी पेशंट गुंगीत सापडला, श्वासाचा दर मोजला तो ३४, सॅच्युरेशन ऐंशीच्या घरात. आयसीयू, व्हेंटिलेटर. पेशंट वाचला, पण आयसीयूतला मुक्काम लांबला आणि घरी गेला तेव्हा आधाराशिवाय चालता येत नव्हतं.

पहिला निर्णय: मेमो की आढावा

सकाळी दहाच्या मीटिंगमध्ये ठरलेलंच होतं जवळजवळ. २ ची नोंद नाही, म्हणजे निष्काळजीपणा, म्हणजे रात्रीच्या सिस्टरला मेमो. मसुदा तयार होता. हे इतकं नेहमीचं आहे की कोणाला त्यात काही वावगंही वाटलं नाही, नातेवाईक चिडलेले, वर उत्तर द्यायचंय, एक नाव सापडलं की फाईल बंद.

मेट्रन मॅडमनी (हॉस्पिटलच्या सगळ्या नर्सेसच्या प्रमुख) सही करायला नकार दिला. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की मेमो द्यायचाच असेल तर आधी त्या रात्रीचं काम तासातासाला कागदावर मांडा, आणि दोन माणसांत ते बसतं का ते मला दाखवा, बसत असेल तर मी सही करते. तसं मांडलं. बसत नव्हतं. ऑर्डरप्रमाणे सगळं करायचं तर चौथ्या सिस्टरलाही हातभर काम उरलं असतं.

मला विचाराल तर या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं वळण हेच. मेमो गेला असता तर पुढचं काहीच उघड झालं नसतं, आणि बहुतेक उरलेल्या नऊतली अजून एक सिस्टर महिन्याभरात गेली असती.

आढाव्यात काय सापडलं

सुरुवात केली त्या चार्टपासून. न्यूज-२ नावाचा एक स्कोअर आहे, ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा, पहिला २०१२ चा, सुधारलेला २०१७ चा. श्वासाचा दर, सॅच्युरेशन, बीपी, नाडी, शुद्धीवर असणं आणि ताप या सहा गोष्टींना गुण द्यायचे, शिवाय ऑक्सिजन चालू असेल तर दोन जास्तीचे. बेरीज ५ झाली की तातडीने डॉक्टर, ७ किंवा जास्त झाली की इमर्जन्सी. वॉर्डात तेव्हा हा वापरत नव्हते, आम्ही मागाहून लावून बघितला. रात्री १० चे गुण: ऑक्सिजनचे २, सॅच्युरेशनचा १, नाडीचा १, श्वासाचा दर १८ म्हणजे ०. एकूण ४. पण श्वास खरंच २५ च्या वर असता तर त्याचे एकट्याचे ३ गुण, बेरीज ७. म्हणजे एका रकान्यावर पेशंट "नियमित लक्ष ठेवा" मध्ये राहतो की "आत्ता डॉक्टर बोलवा" मध्ये जातो ते ठरत होतं.

मग कोणीतरी सहज म्हणून त्याच रात्रीचे बाकीचे चार्ट काढले. १८, १८, २०, १८, १८, १८. आदल्या रात्रीचे काढले, तेच. सीओपीडीचा (फुप्फुसांच्या जुनाट आजाराचा) धापा टाकणारा पेशंट, १८. झोपलेली तरुण मुलगी, १८. वॉर्डात सगळ्यांना माहीत होतं की श्वास मोजायचा तर पूर्ण एक मिनिट घड्याळ धरून छातीकडे बघत उभं राहावं लागतं, मशीन ते करत नाही (बीपी, नाडी, सॅच्युरेशन मशीन देतं), आणि ते एक मिनिट नव्हतं. ही काही याच वॉर्डाची गोष्ट नाही, श्वासाचा दर ही सगळ्यात दुर्लक्षित नोंद आहे असं जगभर लिहून ठेवलंय. पण रिकामा रकाना दिसला की सकाळी बोलणी खावी लागतात, म्हणून १८ लिहायचं. भरलेला चार्ट कोणी वाचत नाही, रिकामा लगेच दिसतो.

इथून आढाव्याचा रोख बदलला. माणसं कमी झाली पण ऑर्डरी कमी झाल्या नव्हत्या, मग काम जातं कुठे? ते सुटतं. आणि काय सोडायचं हे कोणी ठरवलेलं नव्हतं, ते रात्री दोन वाजता दमलेली एक बाई एकटीच ठरवत होती, कोणालाही न सांगता. नर्सिंगच्या संशोधनात याला मिस्ड केअर म्हणतात, बिअट्रिस कॅलिश यांनी २००६ साली सिस्टर लोकांशी बोलून यादी काढली होती: पेशंटला चालवणं, कूस बदलणं, वेळेवर भरवणं, समजावून सांगणं, डिस्चार्जची तयारी, धीर देणं, स्वच्छता, इनटेक-आउटपुटची (पोटात किती गेलं, लघवी वगैरे किती झाली याची) नोंद आणि पेशंटवर लक्ष ठेवणं. आमच्या वॉर्डात विचारलं तर जवळजवळ हीच यादी निघाली. इंजेक्शन सुटत नाही, कारण त्याची सही असते. कूस बदलणं सुटतं. तोंड पुसणं सुटतं. घरी जाताना "ही गोळी जेवणाआधी, ही बंद करायची" हे सांगणं सुटतं आणि मग तोच पेशंट दहा दिवसांत परत येतो.

याचे परिणाम मोजलेले आहेत. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा २००२ चा अभ्यास, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातली १६८ हॉस्पिटलं, सर्जरीचे पेशंट: नर्समागे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता साधारण ७ टक्क्यांनी वाढते, आणि नर्स पिचून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांच्या आकड्यांवरूनही तेच ७ टक्के निघाले. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये २०१६ पासून ठरलेल्या हॉस्पिटलांत मेडिकल-सर्जिकल वॉर्डात सरासरी दिवसा नर्समागे ४ आणि रात्री ७ पेशंट असा नियम आहे. इथे रात्री १४ होते, आणि त्या दीड तासात २८.

पर्याय काय होते

डबल ड्यूटी वाढवणं. हे आधीपासून चालू होतंच. दुपारची करून रात्रही, किंवा रात्र करून सकाळी राउंडपर्यंत. प्रशासनाला आवडतं कारण लगेच होतं आणि नवीन सही लागत नाही. पण सोडून गेलेल्या तिघींपैकी दोघींनी हेच कारण सांगितलं होतं (तेही कोणी अधिकृत विचारलं नव्हतं, मैत्रिणींना सांगितलेलं आम्हाला कळलं). म्हणजे औषधानेच आजार वाढत होता.

एजन्सीकडून बाहेरच्या नर्सेस. दर जास्त, रोज नवीन चेहरा, औषधाचं कपाट कुठलं, डॉक्टरांना कुठल्या नंबरवर बोलवायचं इथून सुरुवात. एका जुन्या सिस्टरने सांगितलं, "तिला सांगण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात माझं होतं." पूर्ण खरं नाही ते, पण रात्रीसाठी बऱ्यापैकी खरं. हा पर्याय फक्त आजारपणाच्या गॅपसाठी ठेवायचा असं ठरलं.

विद्यार्थिनींना वॉर्डात जास्त वेळ ठेवणं. सुचवलं गेलं, मेट्रन मॅडमनी तिथल्या तिथे बंद केलं. शिकायला आलेल्या मुलींना मोजणीत धरायचं नाही. यावर चर्चाही फार झाली नाही आणि व्हायला नको होती.

नव्याने पास झालेल्या मुली घेणं. हा खरा मार्ग, पण वेळ लागणार, आणि नवीन मुलगी पहिले काही महिने अर्धी मोजायची हे प्रशासनाला पटवणं अवघड.

बेड बंद करणं. यावर सगळ्यात जास्त खडाजंगी झाली. वैद्यकीय अधीक्षकांचा मुद्दा असा की पेशंट तर येणारच, बेड बंद केला म्हणून आजार थांबत नाही, तो कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) ट्रॉलीवर पडून राहील. मुद्दा अगदी बरोबर होता, हे पुढे कळलंच. इन्चार्ज सिस्टरचा मुद्दा असा की तिसऱ्या कप्प्यात आत्ताही त्याला बेड मिळतो, नर्सिंग मिळत नाही, फक्त तो बेडवर दिसतो म्हणून सगळ्यांना बरं वाटतं.

आणि शेवटचा, म्हटलं तर साधा: सिस्टरच्या अंगावरचं नर्सिंग नसलेलं काम काढणं. इंडेंट (सामानाची मागणी) लिहिणं, फार्मसीत जाऊन औषध आणणं, बिलाच्या नोंदी, रिपोर्टसाठी लॅबला फोन, पेशंटसोबत स्कॅनला जाणं. हे सगळ्यांना मान्य होतं आणि म्हणूनच आजवर कोणी केलं नव्हतं, कारण ते काम ज्यांच्याकडे जाणार त्या विभागाच्या माणसांनी होकार द्यायला हवा होता.

काय केलं

तिसरा कप्पा बंद केला. आठ बेड गेले, २० राहिले, रात्री नर्समागे १०. तरीही जास्तच, कोणी त्याला सुरक्षित म्हणालं नाही. पण लांबचा, न दिसणारा कप्पा गेल्यामुळे चालणं कमी झालं आणि उरलेले बहुतेक बेड स्टेशनवरून नजरेत आले, हा फायदा आकड्यात दिसत नाही पण सिस्टर लोक सगळ्यात आधी तोच सांगतात.

न्यूज-२ सुरू केला, आणि त्याचा उपयोग आम्हाला वाटला त्यापेक्षा वेगळ्या बाजूने झाला. आधी सवयीने प्रत्येक केस पेपरवर "चार तासांनी व्हायटल्स" (नाडी, बीपी, श्वास वगैरेची नोंद) लिहिलेलं असायचं, उद्या घरी जाणाऱ्या पेशंटलासुद्धा. २८ पेशंट, दिवसातून सहा वेळा, १६८ नोंदी, एकीला पाच मिनिटं धरली तर दिवसाचे १४ तास नुसत्या नोंदींत. स्कोअरप्रमाणे गेलं तर ० गुणवाल्याला बारा तासांनी चालतं, १ ते ४ ला चार ते सहा तासांनी, कुठल्याही एका गोष्टीत ३ गुण किंवा बेरीज ५ झाली की दर तासाला, ७ ला सतत. म्हणजे बऱ्या पेशंटमागचा वेळ काढून आजारी पेशंटकडे नेता आला. एका सीनियर डॉक्टरांनी कुरकुर केली, "माझ्या पेशंटला बारा तास कोणी हात लावणार नाही?" त्यांना चार्टवरचे १८ दाखवले. त्यानंतर बोलले नाहीत.

याच्यासोबत एक नियम आला आणि माझ्या मते बाकी सगळ्यापेक्षा तो भारी होता: मोजलं नसेल तर रकाना रिकामा सोडायचा आणि बाजूला वेळ आणि "मोजता आलं नाही" लिहायचं. रिकाम्या रकान्यासाठी कोणालाही मेमो नाही, न मोजता लिहिलेल्या आकड्यासाठी मात्र बोलणं होईल. हे मेट्रन मॅडम आणि अधीक्षक दोघांच्या सहीने वॉर्डात लावलं, कारण एकाच्या सहीवर कोणी विश्वास ठेवला नसता.

त्याच्याच जोडीला प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला इन्चार्जने "आज काय होणार नाही" हे हँडओव्हरमध्ये बोलून दाखवायचं. तीनच सिस्टर असतील तर सगळ्यांचं स्पंजिंग आज नाही, पण कूस बदलणं या चार पेशंटचं चुकवायचं नाही, इनटेक-आउटपुट फक्त किडनी आणि हार्टवाल्यांचं. यादी डॉक्टरांसमोर वाचायची. पहिल्यांदा वाचली तेव्हा सगळे अवघडले होते, जणू काहीतरी कबुली देतोय. दोन-तीन आठवड्यांत डॉक्टरच म्हणायला लागले की अमुक पेशंटचं हे चुकलं तरी चालेल, ते नको चुकायला.

रोस्टर एक महिना आधी लागायला लागला, रात्रीनंतर सकाळची ड्यूटी बंद, डबल ड्यूटी फक्त स्वतः हो म्हटलं तर. स्कॅनला जाताना स्टेबल पेशंटसोबत प्रशिक्षित अटेंडंट जाईल, रात्री सिस्टर वॉर्ड सोडणार नाही, जायलाच लागलं तर आधी दुसऱ्या वॉर्डातून बदली येणार. फार्मसीने वॉर्डात औषधं आणून द्यायचं कबूल केलं, ते दिवसा नीट चाललं, रात्री अजूनही अधूनमधून फसतं.

आणि नातेवाइकांसाठी एक साधी पाटी: पेशंटची तब्येत बिघडतेय असं वाटलं आणि कोणी आलं नाही तर हा नंबर. तो नंबर रात्रीच्या सुपरवायझरकडे. फोनच फोन येतील अशी भीती होती, तसं झालं नाही.

परिणाम

पहिले काही आठवडे चार्ट भयानक दिसायचे. जिकडेतिकडे "मोजता आलं नाही". अधीक्षक हादरले, म्हणाले हे काय चाललंय, आधी तर असं नव्हतं. आधी असंच होतं, फक्त १८ लिहिलेलं होतं. तेच कागद त्यांनी भरतीच्या फाईलला जोडून वर पाठवले आणि वर्षभर फिरणारी फाईल हलली. तीन नवीन मुली आल्या, आयसीयूला गेलेली सिस्टर परत मागून घेतली.

वॉर्डात लवकर ओळखलेल्या पेशंटची संख्या वाढली. पहाटे एकदम आयसीयूत न्यावं लागणं कमी झालं, पण हे बेड कमी झाल्यामुळे की स्कोअरमुळे की माणसं आल्यामुळे हे वेगळं करून दाखवता येत नाही, आणि कोणी दाखवत असेल तर मी तरी मान्य करणार नाही.

दुसरी बाजू. कॅज्युअल्टी तुंबली. आठ बेड बंद म्हणजे आठ ट्रॉल्या बाहेर, आणि तिथेही सिस्टर पुरेशा नव्हत्याच. एक वयस्कर बाई हिप फ्रॅक्चर नाही काही नाही, साधा युरिन इन्फेक्शनचा ताप, पण वॉर्डात जागा नाही म्हणून रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ट्रॉलीवर राहिल्या, ट्रॉलीची गादी पातळ, कूस कोणी बदलली नाही, कमरेखाली बेडसोअर घेऊन वर आल्या. म्हणजे मेडिसिन वॉर्डाने आपला धोका कमी केला त्यातला काही हिस्सा खाली सरकला. कॅज्युअल्टीच्या इन्चार्ज सिस्टरनी मीटिंगमध्ये सरळ सुनावलं, "तुमचे चार्ट सुधारले, आमचे कोण बघतंय?" उत्तर कोणाकडे नव्हतं.

नवीन तिघींपैकी एक टिकली नाही. ठरलं होतं की पहिले तीन महिने तिला एकटीला कप्पा द्यायचा नाही, जुनी सिस्टर सोबत. महिना-दीड महिन्यातच एक जण आजारी पडली, रोस्टरमध्ये भोक पडलं आणि नवीन मुलीला रात्रीच्या दोघींपैकी एक म्हणून टाकलं. त्या रात्री मोठं काही घडलं नाही. तिने पुढच्या आठवड्यात राजीनामा दिला.

वेगळं काय करता आलं असतं

बेड बंद करण्याच्या मीटिंगला कॅज्युअल्टीचं कोणीच नव्हतं. हे सगळ्यात ठळक. निर्णय बदलला नसता कदाचित, पण बेड बंद करतानाच खालचं ठरवता आलं असतं: ट्रॉलीवर सहा तासांच्या वर राहिलेल्या पेशंटला जाड गादी, त्यांच्या कुशी बदलायला वरच्या वॉर्डातून एक मावशी, आणि किती पेशंट अडकले की तिसऱ्या कप्प्यातले दोन बेड माणसासकट उघडायचे. हे सगळं नंतर झालंच, ती बाई बेडसोअर घेऊन आल्यावर.

डिस्चार्जकडे उशिरा लक्ष गेलं. सकाळी घरी जायचं ठरलेले पेशंट बिल आणि कागदांपायी संध्याकाळपर्यंत बेडवर असायचे. ते दुपारी बारापर्यंत हलले असते तर आठाच्या जागी कदाचित पाच बेड बंद करून भागलं असतं. सिस्टरच्या कमतरतेवर बोलताना क्लार्कच्या कमतरतेवर कोणी बोलत नाही, पण दुपारभर अडलेला बेड तिथे अडलेला असतो.

नवीन मुलीच्या बाबतीत नियम होता, तो मोडायची परवानगी कोणाला आहे हे लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे रात्री आठला रोस्टर बघणाऱ्या माणसाने मोडला. तिथे एजन्सीची नर्स बोलवायला हवी होती, तो पर्याय याच दिवसासाठी ठेवला होता, पण फोन कोणी करायचा आणि पैसे मंजूर कोण करणार हे रात्री कोणाला माहीत नव्हतं. आता सुपरवायझरला तो अधिकार आहे.

सोडून जाणाऱ्यांना का जाताय हे अजूनही नीट विचारलं जात नाही. फॉर्म आहे, त्यावर "वैयक्तिक कारण" लिहिलं जातं, म्हणजे पुन्हा तो १८ च.

सध्याची स्थिती

वॉर्डात आता १२ जणी आहेत. रात्री तीन. त्या हिशोबाने तिसऱ्या कप्प्यातले चार बेड उघडले, २४ झाले, रात्री नर्समागे ८. उरलेले चार कधी उघडायचे यावर वाद चालू आहे. वॉर्डाचं म्हणणं आहे की रात्रीच्या रोस्टरवर चौथं नाव सलग महिनाभर दिसल्याशिवाय नाही. कॅज्युअल्टीचं म्हणणं आहे की चौथं नाव आलंच तर ते आधी त्यांना मिळायला हवं, आणि त्यांच्या ट्रॉल्यांवरचे तास बघितले तर त्यांचा मुद्दा खोडून काढणं अवघड आहे. पुढच्या भरतीत किती जणी येतात त्यावर हे ठरेल, फाईल सध्या अकाउंट्सकडे आहे.